घालून पाहिली होती का?

या वस्त्राला मराठीत नाव काय, असे कोणी विचारले तर कोशकार चार-सहा शब्द सहज काढून देतील. कंचुकी आहे, काचोळी आहे, चोळी तर आहेच. पेशवाईतल्या शाहिरांनी चोळीचा रंग, तिची गाठ, तिचा तंगपणा यांवर पुरुषभर उंचीच्या लावण्या रचल्या. पण दुकानाच्या काउंटरशी उभे राहून उच्चारता येईल असा शब्द यांत एकही नाही. 'अंतर्वस्त्र' हा वर्तमानपत्राचा आणि पंचनाम्याचा शब्द. आमच्या चाळीसगावात आईच्या पिढीच्या बायका 'बॉडी' म्हणत. इंग्रजी बॉडिसचे ते घरगुती रूप. माझ्या पिढीने 'ब्रा' हा शब्द घेतला, तोही मैत्रिणींपुरता. दुकानात आम्ही सगळ्याच 'ते', 'आतले' किंवा नुसता आकडा म्हणतो. "चौतीस दाखवा." कशाचे चौतीस, ते समोरच्याने ओळखायचे.

विकत घेण्यापुरते हे सर्वनामांवर भागते. वस्तू सदोष निघाली की भागत नाही, कारण तक्रार करायची म्हणजे काय बिघडले ते सांगणे आले.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. वस्तू परत करण्यात तिचा हात धरणारे आमच्या गल्लीत कोणी नव्हते. कापल्यावर पांढरे निघालेले टरबूज तिने दोन्ही फोडींसह गाडीवाल्याकडे परत नेलेले मी पाहिले आहे. कुकरची रिंग, छत्री, एकदा तर फॉल लावून झाल्यावर काठात तुटलेला धागा दिसला म्हणून अख्खी साडी. भांडण नाही, आवाज चढवणे नाही. वर्गात चुकलेले गणित पुन्हा सोडवून घ्यावे तशी ती काउंटरपाशी उभी राहायची. पै-पैचा हिशेब रोज रात्री वहीत लिहायची.

२०११ साली घराला रंग द्यायचा म्हणून लोखंडी कपाट रिकामे केले, तेव्हा तळच्या खणात वर्तमानपत्रात बांधलेले एक पुडके निघाले. आत पाच बॉडी होत्या. एकीचे इलॅस्टिक एका बाजूला शिवणीत आलेच नव्हते. एकीचे दोन कप दोन मापांचे होते. बाकीच्या तिघींत असेच काही ना काही. एकही धड वापरलेली नव्हती. मी विचारले, "या परत का नाही केल्यास?" आई म्हणाली, "त्या दुकानात संध्याकाळी आमचे हेडमास्तर गप्पा मारत बसायचे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि ते नसते तरी काय सांगणार होते मी?"

हिशेबाच्या जुन्या वह्या तिच्याकडे होत्या. मी हौसेने शोधल्या. मिठापासून रॉकेलपर्यंत प्रत्येक वस्तू नावानिशी लिहिणाऱ्या बाईने या पाचही खरेद्या 'किरकोळ' या सदरात टाकल्या होत्या. कपाटातल्या कागदी चिठ्ठ्यांवरच्या किमतींशी आकडे जुळत होते म्हणून ओळखता आल्या. पाचांची बेरीज १३२ रुपये झाली. आज हा आकडा हसण्यावारी जाईल. टरबुजाच्या तीन रुपयांसाठी भर उन्हात मागे फिरणाऱ्या बाईने तो सोडून दिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे हसू येत नाही.

दोष शिवणाऱ्याचा, नफा विकणाऱ्याचा आणि भुर्दंड लाजणारीचा, असा हा व्यवहार आहे. आपल्या लाजेची किंमत दुकानदाराला पाठ असते. तो दुष्ट असतो असे नाही. त्याला इतकेच ठाऊक असते की या खोक्यातला माल परत येत नाही.

मी स्वतः २०२२ साली असा माल परत घेऊन गेले, त्याची हकीकत सांगते. दुकानाचे नाव महत्त्वाचे नाही, गावातल्या कोणत्याही दुकानात हेच घडले असते. दोष अगदी निर्मळ होता: मागच्या पट्टीचे हूक उलट्या बाजूने शिवलेले, त्यामुळे ते अडकतच नव्हते. शर्टाची काजे चुकीच्या बाजूला पडावीत तसे. माझ्या शरीराचा उल्लेखही न करता दाखवता येईल असा तो दोष होता, म्हणून मी बऱ्यापैकी निर्धास्त होते.

गल्ल्यावर शेठ होते. मी पिशवी पुढे केली. त्यांनी आत डोकावले आणि लगेच वर पंख्याकडे पाहिले. "ताई, तुम्ही तिकडे मॅडमशी बोला." मॅडम म्हणजे कामाला असलेली विशीतली मुलगी. तिला मी हलक्या आवाजात सगळे सांगितले. तिने हूक पाहिले, तिला पटले. पण बदलून द्यायचे की नाही हे ठरवायचा अधिकार तिला नव्हता. तेव्हा तिने तिथूनच, टॉवेल पाहणाऱ्या दोन गिऱ्हाइकांच्या आणि चहा घेऊन आलेल्या पोराच्या डोक्यावरून, शेठला विचारले, "शेठ, यांच्या त्या छत्तीसचे हूक उलटे आहेत, घ्यायची का परत?"

शेठनी पंख्याकडेच पाहत विचारले, "घालून पाहिली होती का?"

या एका प्रश्नात सगळा डाव आहे. हो म्हणावे, तर माल वापरलेला. वापरलेला माल परत होत नाही. नाही म्हणावे, तर न घालता दोष कळला कसा? माझे हूक डोळ्यांना दिसत होते म्हणून मी सुटले. पण तासाभरात टोचू लागणारी तार, पहिल्या धुण्यात जीव सोडणारे इलॅस्टिक, सारखा घसरणारा पट्टा, हे दोष अंगावर चढवल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही. आणि आमच्याकडच्या दुकानांत हे कपडे घालून पाहायची सोय कुठे असते?

खान्देशात हा पेच कोणाला नवा वाटू नये. कपाशीचे बियाणे खोटे निघाले हे पेरल्याशिवाय कळत नाही, आणि पेरले की ते दुकानात परत नेता येत नाही. तरीही 'पेरून पाहिले होते का' असे विचारून शेतकऱ्याला वाटेला लावता येत नाही. तक्रार केली की समिती शेतात येऊन पाहणी करते. सर्व बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा ही अपेक्षाच गैर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात मान्य केले. वापरल्याशिवाय न कळणारा दोष हा दोषच असतो, एवढे तत्त्व बियाण्याच्या बाबतीत सर्वांना समजते.

कायद्यानेही कपड्याकपड्यांत भेद केलेला नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हापासून महाराष्ट्रात हे काम निष्ठेने चालले आहे. पण २४ डिसेंबरच्या ग्राहक दिनाला मी जी भाषणे ऐकली, त्यांतली उदाहरणे गॅस सिलिंडर, वजनमाप आणि खतांची होती. ब्रेसियरचे उदाहरण देणारा वक्ता मला अजून भेटायचा आहे. आणि समजा, तक्रार करायचीच ठरवली, तर दोषाचे वर्णन लिहून द्यायचे, ते नव्वदेक किलोमीटरवरच्या जळगावात वकिलांनी आणि कारकुनांनी वाचायचे. जामदा-राजमान्याकडून बाजाराला आलेल्या बाईला तर दुकानापर्यंत दुसरी खेप घालायची म्हणजेच एका दिवसाची मजुरी गेली.

विक्रीला बायका ठेवल्या की अडचण संपेल, असे पुष्कळदा सुचवले जाते. सौदी अरेबियात अशा दुकानांतही पुरुषच विक्रेते असत. जेद्दामध्ये वित्तशास्त्र शिकवणाऱ्या रीम असअद यांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली, २०११ साली राजाज्ञा निघाली आणि जानेवारी २०१२ पासून या दुकानांत विक्रेत्या म्हणून स्त्रियाच असाव्यात असा नियम अमलात आला. हजारो स्त्रियांना त्यातून रोजगार मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. पण माझ्यापुढे उभी असलेली मुलगीही स्त्रीच होती. गल्ला तिच्या हातात नव्हता, म्हणून माझी कुजबुज तिला मोठ्याने भाषांतरित करावी लागली.

शेठचीही बाजू आहे. परत घेतलेली वस्तू त्यांना दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येत नाही, आणि देऊ नयेच. ती घाऊक व्यापाऱ्याच्या माणसाला दाखवून भरपाई मागायची, तर त्यालाही 'हूक उलटे आहेत' हेच वाक्य म्हणावे लागणार. ते न म्हणता शेठही अनेकदा नुकसान सोसत असतील. मला शेवटी बदलून दिले, दुसऱ्या कंपनीचे, कुरकुरत. बिल मागितले तेव्हा मात्र ते पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून म्हणाले, "यालाबी बिल पाहिजे?"

माझी भाची पुण्यात असते आणि सगळे मोबाइलवरून मागवते. मावशी, तू कशाला दुकानाच्या पायऱ्या चढतेस, असे तिचे म्हणणे. तिच्याकडेही एकदा असाच सदोष नग आला. तिने पाहिले तर त्या वस्तूखाली बारीक अक्षरांत लिहिलेले: स्वच्छतेच्या कारणास्तव परत घेतली जाणार नाही. ती चिकाटीची आहे, आजीवर गेली आहे. तिने तक्रार नोंदवली. दोष दिसेल असा फोटो पाठवा, असे उत्तर आले. तिने चादरीवर ती पसरून, तुटलेल्या कडीचा जवळून फोटो काढला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, फोटो स्पष्ट नाही, वस्तू परिधान केलेल्या स्थितीतील फोटो असल्यास पाठवावा.

तो निरोप तिने मला वाचून दाखवला. आई शेजारीच वाती वळत बसली होती. तिने विचारले, "कितीची होती?" भाची म्हणाली, "साडेपाचशे." आईने वाती खाली ठेवल्या आणि चष्मा पुसत म्हणाली, "त्यांचा पत्ता काय आहे?"