पिशवी मात्र तिचीच
आमच्या घरकाम करणाऱ्या मावशींकडे घराची किल्ली असते. तरी सोसायटीच्या गेटवर जाताना त्यांची पिशवी उघडायला लावतात. आत रिकामा डबा, फार तर कुणी दिलेली जुनी साडी. माझी पिशवी कुणी तपासत नाही. अंगठी सापडेना की पहिला संशय कामवालीवर. अंगठी साबणाच्या डबीखाली मिळाली की सगळे गप्प! विश्वास काय फक्त आपणच टाकतो? महिना भरला की पगार मिळेल, पोर आजारी पडून चार खाडे झाले तरी काम टिकेल, हा भरवसा त्याही ठेवतातच की, तोही कागदाशिवाय. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झाला. त्या मंडळाकडे नोंदणीसाठी काम देणाऱ्याचा दाखला लागतो. ज्यांच्या घरी बाई येते, त्यांनी तो न मागता लिहून द्यावा.