निपाणीच्या तुळया, जांबोटीचं दार

कागल सोडलं की कोगनोळीचा नाका येतो आणि पाट्यांवरची अक्षरं बदलतात. पुण्याहून बेळगावला निघालेल्या गाडीतली मुलं इथे हमखास विचारतात, "आलं का?" आलेलं नसतं. अजून निपाणी यायची असते, मग तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, आणि काकतीजवळ आलं की कुठे बेळगावचा गार वारा लागतो. सुट्टीत हा रस्ता आपण सगळ्यांनीच कितीतरी वेळा केला आहे. आज मात्र याच रस्त्याने दोन जुन्या सागवानी तुळयांनी केलेला प्रवास सांगतो. निपाणीतल्या एका पडक्या वाड्यातून निघून त्या बेळगावात आल्या, तिथून जांबोटीला गेल्या आणि आता तिथे जपानी पद्धतीच्या दाराचे खांब होऊन उभ्या आहेत.

माझा आत्तेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, काही वर्षं ओसाकाला नोकरीला होता. परत आल्यावर त्याने जांबोटीजवळ थोडी जमीन घेतली. खानापूर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग म्हणजे जंगल आणि धो धो पाऊस. पुढे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. दादाला त्या जागेच्या तोंडाशी जपानी दार हवं होतं. जपानी दार म्हटलं की आपल्याला लाल रंगाची 'तोरी' आठवते, पण तोरी शिंतो देवळासमोर असते, घरासमोर नाही. दादाच्या मनात होतं ते 'याकुइमोन'. पुढे दोन जाड खांब, मागे आधाराला दोन बारीक खांब, वर दुपाखी छप्पर आणि मध्ये लाकडाची दोन पानं. नावाचा अर्थ साधारण 'वैद्याचं दार' असा होतो.

फॅब्रिकेशनवाल्याने आठ दिवसांत करून देतो म्हणून सांगितलं. आत लोखंडी पाइप, वरून फळ्या, लांबून ओळखूसुद्धा येणार नाही, आणि खर्च निम्म्याहून कमी. दादा जवळजवळ हो म्हणणार होता. आत्याच म्हणाली, "एकदा शहापुरातल्या मेस्त्रींना विचारून तर बघ."

मेस्त्री साठी ओलांडलेले. त्यांच्या वडिलांनी आमच्या आजोबांची बैलगाडी केली होती. त्या काळी सुताराच्या घरी वर्षभर काम असायचं: गाडी, नांगर, कुरी, कोळपं, आणि कुणी वाडा बांधला तर दारं-खिडक्या. मोबदला बहुतेक धान्यात. मग नांगर लोखंडाचा झाला. गंमत बघा, ती गोष्टही बेळगावचीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. शेतकऱ्याचं भलं झालं. सुताराच्या हातातून मात्र एकेक वस्तू जात राहिली. नांगरामागून गाडीचं चाक गेलं, मग चौकटी गेल्या. मेस्त्रींचा भाचा त्यांच्याच शेडमध्ये प्लायवूडची मॉड्युलर किचनं करतो. धंदा चांगला चालतो, पण त्यात सांध्याचं काम नाही. सगळं स्क्रू आणि गोंदावर.

मेस्त्रींनी दादाच्या मोबाईलवरचे फोटो बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "होतंय की. खरं टाइम लागंल." (आपल्याकडचं 'खरं' म्हणजे पुण्याचं 'पण', हे इकडच्या मुलांना सांगायला हवं.) दोन अटी घातल्या. सांध्यात लोखंड घालायचं नाही आणि पावसाळ्यात काम धरायचं नाही. मजुरी अंगावर ठरवली, म्हणजे बिघडलं तर नुकसान त्यांचं. आगाऊ पैसेही घेतले नाहीत. आधी टाकाऊ सागावर एक सांधा करून तो जांबोटीच्या पावसात अख्खा पावसाळा उघड्यावर ठेवायचा, टिकला तर दसऱ्यानंतर काम सुरू करायचं असं ठरलं.

त्यांना एवढी खात्री कशी वाटली, याचं मला आश्चर्य वाटत होतं. एका रविवारी दादाने जपानी सांध्यांचं पुस्तक उघडलं आणि ते कोडं सुटलं. जपानी खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडावर उभा करतात, म्हणजे बुंध्याला ओल लागत नाही. आपल्या वाड्यातही खांबाखाली दगडी तळखडा असतो. जपानी पद्धतीत खांबातून आरपार एक आडवी पट्टी जाते, तिला 'नुकी' म्हणतात, आणि ती 'कुसाबी' ठोकून घट्ट करतात. कुसाबी म्हणजे आपली पाचर. एका लाकडाचं टोक बारीक करून कुसू काढायचं आणि दुसऱ्यात खोबण पाडून ते बसवायचं, हे तर दोन्हीकडे सारखंच. फरक हाताच्या दिशेचा आहे. जपानी सुतार करवत आणि रंधा स्वतःकडे ओढतो, आपला सुतार पुढे ढकलतो.

ही नुकी जपानमध्ये रुळली ती बाराव्या शतकाच्या अखेरीला. युद्धात जळालेलं नारा शहरातलं तोदाइजी मंदिर पुन्हा उभारताना चोगेन नावाच्या भिक्षूने तिचा भरपूर वापर केला. त्या मंदिराचा दक्षिण दरवाजा ११९९ सालचा आहे आणि आजही उभा आहे. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती साधारण १२०४ ची. दोन्हींमध्ये फार तर पाच-सहा वर्षांचं अंतर. आपली दगडाची बस्ती टिकली यात नवल नाही, पण तिच्याच वयाचं लाकडी महाद्वार कसं टिकलं? लाकूड चांगलं होतं हे खरंच. शिवाय ते दुरुस्त करू शकणारा सुतार प्रत्येक पिढीत होता. इसेचं देऊळ तर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. मागची वेळ २०१३ ची, पुढची २०३३ मध्ये. म्हणजे विशीतला शिकाऊ पोरगा चाळिशीत तेच काम स्वतः करतो आणि साठीत दुसऱ्याला शिकवतो. लाकडी बांधकामाचं हे ज्ञान २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही गेलं.

आपल्याकडे काय होतं, ते निपाणीत दिसलं. मेस्त्रींना जुनं, मुरलेलं सागवान हवं होतं. मागचे खांब आणि छपराचं लाकूड दांडेलीच्या माल्यावरून आलं, पण मुख्य खांबांसाठी त्यांनी निपाणीत उतरवल्या जाणाऱ्या एका वाड्याच्या तुळया ठरवल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा चौकट आधीच विकली गेली होती. गणेशपट्टीसकट एका हॉटेलवाल्याने नेली म्हणे. कडीपाटाच्या फळ्यांचे ढीग पडले होते. मेस्त्री तुळईवर हात फिरवत एका खोबणीपाशी थांबले. तिच्यात अजून पाचरीचा तुकडा होता. भाच्याला बोलावून म्हणाले, "बघ, बाभळीची. साग मऊ, पाचर कठीण. कुणी केली ते माहीत नाही, खरं माणूस शाणा होता." भाच्याने फोटो काढला. त्या दिवशी मला वाटलं, वाड्याबरोबर नुसतं लाकूड जात नाही. असं एक वाचता येणारं पुस्तक जातं, आणि वाचणारे आता फार थोडे राहिलेत.

दसऱ्यानंतर नमुन्याचा सांधा घट्टच निघाला आणि काम सुरू झालं. अडचण आली ती तिसऱ्या आठवड्यात. दादाच्या ड्रॉइंगप्रमाणे नुकी जिथून जायला हवी होती, त्याच्या चार बोटं खाली एका तुळईत जुनी खोबण होती. दोन भोकं इतकी जवळ आली तर खांब तिथे कमजोर होणार. दादा म्हणाला, "तुळई उलटी करू, म्हणजे खोबण वर छपरात लपेल." मेस्त्रींनी साफ नकार दिला. "झाड उभं असतंय तसाच खांब उभा करायचा. बुंधा खाली, शेंडा वर." गाठींवरून त्यांनी बुंधा कुठला ते दाखवलं.

दादा एकदम गप्प झाला. उलटा खांब अशुभ, हे जपानमध्येही मानतात. निक्कोच्या तोशोगू देवळात एका खांबाची नक्षी मुद्दाम उलटी ठेवली आहे, ती त्याने स्वतः पाहिली होती. शेवटी मेस्त्रींनीच मार्ग काढला. जुनी खोबणच मोठी करून आरपार नेली, दुसऱ्या खांबातही त्याच उंचीवर खोबण पाडली आणि नुकी चार बोटं खाली घेतली. ड्रॉइंग बदललं. निपाणीच्या त्या अनाम सुताराने जिथे पटाशी लावली होती, तिथेच आता जांबोटीच्या दाराची पट्टी बसली आहे.

आणखीही तडजोडी झाल्या. छपरावर जपानी कौलं कुठून आणणार? खानापूरची घातली. पानं बिजागऱ्यांऐवजी आपल्या वाड्यासारखी खालीवर लाकडी खुंटावर फिरतात. कडी-कोयंडा मात्र लोखंडी. "चोराला जपानी कळत नाही," हे मेस्त्रींचं म्हणणं. भाच्याने भोकं पाडायला ड्रिल वापरलं, त्यालाही ते काही बोलले नाहीत. खोबणीच्या बाजू मात्र पटाशीनेच साफ करायला लावल्या. पहिल्या दोन त्याने बिघडवल्या, तिसरी बसली. पाचरी ऐन उन्हाळ्यात, लाकूड पुरतं सुकल्यावर ठोकल्या. सगळं मिळून सात महिने लागले.

पहिल्या पावसात एक पान फुगून उंबऱ्याला घासायला लागलं. दादाने फोन केला, तर मेस्त्रींनी भाच्याला पाठवलं. तो एकटाच रंधा घेऊन आला, अर्ध्या तासात काम केलं आणि जाताना दादाच्या वहीत स्वतःचा नंबर लिहून गेला. दरवर्षी उन्हाळ्यात पाचरी तपासायला तोच येणार आहे.

मित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावच्या घरात असं एखादं दार, चौकट किंवा तुळई अजून असेल. घर पाडू नका असं मी म्हणणार नाही. वाटण्या, पैसे, दुरुस्तीचा खर्च हे सगळं खरंच असतं. पण यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा टेप आणि वही बरोबर न्या. दाराची मापं घ्या, समोरून फोटो काढाच, पण सांध्यांचे जवळूनही काढा. खांब कशावर उभा आहे, पाचर कुठल्या लाकडाची आहे, पान कशावर फिरतं, ते लिहून ठेवा. आणि गावात कुणी म्हातारे सुतार असतील तर त्यांना घेऊन त्या दारापाशी अर्धा तास बसा. पुढे-मागे ते दार करायला घेणाऱ्या पोराला तेवढ्यावरून सुरुवात करता येईल.