जांभळा रंग उडाला, पुढे काय?

संपादकांनी लेख मागितला तो ग्रीन टीच्या गुणांवर. मी हो म्हटलं, पण डोक्यात घोळत होता ओळखीतल्या एका बाईंचा रक्ताचा रिपोर्ट. एसजीपीटी, म्हणजे यकृताचं एक विकर, वाढलेलं; कावीळ नाही, दारूचा प्रश्नच नाही. "औषध कसलंच नाही हो, वजनासाठी चहाच्या अर्काच्या गोळ्या घेते तेवढ्याच." डॉक्टरांनी त्या बंद करायला लावल्या आणि पुढच्या तपासणीत आकडा उतरला. एका माणसावरून मी निष्कर्ष काढणार नाही. पण डबीवर ठळक छापलेली 'अँटिऑक्सिडंट क्षमता' मला चांगलीच ओळखीची आहे. ती आमच्यासारख्यांच्याच प्रयोगशाळांतून निघते.

चहाच्या कोवळ्या पानात कॅटेचिन नावाची संयुगं भरपूर असतात. त्यांत सर्वांत जास्त ईजीसीजी, म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. (नाव विसरलात तरी चालेल.) पान चुरडलं की त्यातलंच एक विकर त्यांचं ऑक्सिडीकरण करतं आणि आपल्या सीटीसी चहाचा तांबूस रंग तयार होतो. वाफ देऊन ते विकर आधीच निकामी केलं, की झाला ग्रीन टी. त्यातून कॅटेचिन १९२९ मध्ये वेगळं काढलं मिचियो त्सुजिमुरा या जपानी बाईंनी. त्याआधी होक्काइदोच्या विद्यापीठात त्यांनी बिनपगारी काम केलं होतं. आमच्या शास्त्रातलं हे काम मला अजूनही देखणं वाटतं.

वैताग येतो तो पुढच्या गोष्टींचा. डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण घ्यायचं, अर्क टाकायचा, अर्ध्या तासात रंग पिवळट होतो. किती उडाला ते मोजलं की 'क्षमता' तयार. स्वस्त आणि सोपं, त्यामुळे प्रबंधामागून प्रबंध. पण हे सगळं होतं मिथेनॉलमध्ये. कुणाच्या धमन्यांत मिथेनॉल वाहतं? अशाच दुसऱ्या एका चाचणीचा, ओआरएसीचा, तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण ते आकडे विक्रीसाठी सर्रास वापरले जात होते.

दोन-तीन कप चहानंतर रक्तात ईजीसीजी जेमतेम एक मायक्रोमोलर, बहुधा त्याहूनही कमी. आतडं आणि यकृत त्याचं रूप पालटतात. बरंचसं मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातं. उलट ज्याला आपण संधिवातापायी शिव्या देतो ते युरिक ॲसिड रक्तात शेकडो मायक्रोमोलर असतं, आणि तेही अँटिऑक्सिडंटच! त्याच्या गोळ्या मात्र कुणी विकत नाही.

आणि 'अर्काने कर्करोगाच्या पेशी मारल्या' ही बातमी? पेशी वाढवण्याच्या द्रवात ईजीसीजीचं स्वतःचंच ऑक्सिडीकरण होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशी मरतात त्या कित्येकदा त्याने. जीवरसायनशास्त्रज्ञ बॅरी हॅलिवेल हे वर्षानुवर्षं सांगत आलेत. म्हणून परीक्षणासाठी निबंध आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: पेरॉक्साइड तोडणारं कॅटॅलेज घालून पाहिलंत का? घातल्यावर परिणाम नाहीसा होत असेल, तर तुम्ही चहा नव्हे, पेरॉक्साइड तपासत होतात. माझ्या या प्रश्नाला तरुण सहकारी हसतात. हसोत.

मग गोळी आणि कप यांत फरक काय? मात्रेचा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नोंदवलं, की नेहमीच्या ग्रीन टीतून दिवसाला सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी पोटात जातं. पण पूरक गोळ्यांतून ८०० किंवा अधिक घेणाऱ्यांत यकृताची विकरं वाढलेली दिसली. त्यात लोक गोळी उपाशीपोटी घेतात, तेव्हा ती रक्तात जास्त उतरते. "नैसर्गिक आहे ना?" हे मला ज्या विश्वासाने विचारलं जातं, त्याला खरंच तोड नाही. धोतराही नैसर्गिकच.

दिवाळी अंकात लिहावं की नाही असा थोडा संकोच वाटतो, पण या अर्कापासून केलेलं एक औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये खरोखर मंजूर केलं: जननेंद्रियावरच्या चामखिळींसाठी, बाहेरून लावायचं मलम. ते नेमकं कसं काम करतं हे माहीत नाही, असं त्याच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे. अँटिऑक्सिडंट म्हणून करतं, असा दावा तिथेही नाही.