मुक्ता

मुक्ता दिसायला साधी. शिरोरेषा सरळ, अक्षरांची पोटं मोकळी, कुठे नखरा नाही. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे गावचं सप्ताहाचं पत्रक असो की ग्रामसभेची नोटीस, ती ‘ध’चा ‘मा’ होऊ देत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला हा देवनागरी फॉन्ट. अगदी बारीक ते अगदी ठळक अशी तिची सात वजनं. गुजरातीत मुक्ता वाणी, गुरुमुखीत मुक्ता माही, तमिळमध्ये मुक्ता मलर या तिच्या बहिणी.

तिच्या आधीच्या पिढीतले बरेच मराठी फॉन्ट पॅकेजमध्ये विकत मिळत. काहींना संगणकाच्या मागे खोचायचं ‘लॉक’ लागे. ते निघालं की काम बंद. प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे. मोताळ्यात टाइप केलेली लग्नपत्रिका बुलढाण्याच्या छापखान्यात उघडली आणि तिथे तोच फॉन्ट नसला, तर नवरदेवाच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटत. मुक्ता युनिकोड हा सगळ्यांचा सामाईक संकेत पाळते. ती नसली तरी मजकूर शाबूत राहतो, दुसऱ्या फॉन्टमध्ये वाचता येतो.

फॉन्टची फाइल हाही एक प्रकारचा संगणक प्रोग्रॅम. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के)नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. पण कॉपीराइट असतोच, आणि वापरणाऱ्याला किती मोकळीक द्यायची हे परवाना ठरवतो. मुक्ताचा परवाना ‘एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स’, २००७ सालची १.१ आवृत्ती. तिला फुकट उतरवून घ्या, मित्राला द्या, तिच्यात बदल करा; तिच्यात छापलेली पत्रिका विका, पैसा तुमचा. मुख्य अटी मोजक्याच: नुसता फॉन्ट विकायचा नाही, कॉपीराइटची नोंद पुसायची नाही, आणि बदललेला फॉन्ट वाटायचा तर याच परवान्याखाली.

मुक्ता मोकळी आहे, बेवारस नाही. या शेवटच्या अटीमुळेच मला तिच्याबद्दल आदर वाटतो. जे सगळ्यांसाठी दिलं, ते सुधारणेच्या नावाखाली कुणा एकाला बळकावता येत नाही.

मात्र ती फुकट मिळते म्हणून फुकटात घडलेली नाही. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ अशी जोडाक्षरं कुणीतरी नजर शिणवून बसवली आहेत. अशा कामाला सरकारने, विद्यापीठांनी आणि वर्तमानपत्रांनी पैसा पुरवला पाहिजे. मराठी लिहायला कुठल्याही गावात कुणाची परवानगी लागू नये, आणि ती अक्षरं घडवणाऱ्यांची मजुरीही बुडू नये.