भीतीला मराठीत काय म्हणतात?

आपल्या भाषेत दातांवरून म्हणी आणि वाक्प्रचार उदंड आहेत. दात कोरून पोट भरत नाही, दात आहेत तर चणे नाहीत, खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे. राग आला की आपण दातओठ खातो, हरलो की आपलेच दात आपल्या घशात जातात. गरिबी, लबाडी, संताप असे सगळे आपण दातांच्या हवाली केले आहे. दातांच्या डॉक्टरची भीती मात्र या म्हणींपेक्षा पुष्कळच तरुण, त्यामुळे तिच्यासाठी पूर्वजांनी काही तयार करून ठेवलेले नाही. या भीतीला मराठीत नेमके काय म्हणावे, असा प्रश्न गेल्या दिवाळीत माझ्यासारख्या सरकारी कारकुनासमोर येऊन उभा राहिला, त्याची ही हकीकत.

माझी सासुरवाडी सौसरची. गोव्यातल्या माणसाला हे गाव कुठे आहे ते दर वेळी समजावून सांगावे लागते. नागपूरच्या उत्तरेला, संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौसर व पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर तालुका त्यात आला. घरात मराठी, देवघरात मराठी, भांडण मराठीत. शाळा, रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा कागद मात्र हिंदीत. गोव्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. बोलायचे एका भाषेत, कीर्तन ऐकायचे दुसऱ्या भाषेत आणि कचेरीत अर्ज करायचा तिसऱ्याच भाषेत, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे.

माझ्या मेव्हणीची मुलगी नागपूरला दंतवैद्यकाचे पुढचे शिक्षण घेते. ती म्हणाली, "काका, तुम्ही बीए मराठीवाले. मला एक प्रश्नावली मराठीत करून हवी आहे. आपल्या सौसर-पांढुर्ण्याच्या लोकांना कळेल अशी." कागद पाहिला. जेमतेम पाच प्रश्न! मला वाटले, चहा होईपर्यंत काम संपेल. प्रत्यक्षात सुट्टीचे चार दिवस त्यात गेले आणि मला त्यांचा अजिबात पश्चात्ताप नाही.

या प्रश्नावलीची थोडी पूर्वपीठिका सांगायला हवी. १९६९ साली नॉर्मन कोरा या अमेरिकन संशोधकाने दंतोपचाराची धास्ती मोजण्यासाठी चार प्रश्न तयार केले. त्यांत हिरडीत द्यायच्या इंजेक्शनचा उल्लेखच नव्हता. आता बोला! खुर्चीत बसलेल्या माणसाचे अर्धे भय त्या सुईतच असते. १९९५ साली ब्रिटनमध्ये हम्फ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईचा पाचवा प्रश्न घातला आणि उत्तरांची पद्धतही सरळ केली. उद्या डॉक्टरकडे जायचे असेल तर, बाहेर बसून वाट पाहताना, दाताला मशीन लावताना, दात साफ करून घेताना आणि वरच्या दाढेजवळ सुई घेताना तुम्हाला कसे वाटेल, असे हे पाच प्रश्न. प्रत्येकाला एक ते पाच गुण, म्हणजे कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त २५. बेरीज १९ किंवा त्याहून अधिक झाली की माणूस फार घाबरणारा आहे असे समजून डॉक्टरने सांभाळून घ्यायचे. चिनी, तुर्की, ग्रीक, स्पॅनिश अशा कितीतरी भाषांत ही प्रश्नावली गेलेली आहे.

पहिली अडचण मूळ शब्दाचीच. इंग्रजीतल्या 'अँक्शस'ला मराठीत काय म्हणायचे? शब्दकोश म्हणतो चिंता. पण चिंता मुलीच्या लग्नाची असते, कर्जाची असते. 'अस्वस्थ' म्हटले तर सौसरला त्याचा अर्थ आजारी, कारण हिंदीची सावली. 'काळजी' म्हटले तर म्हातारी माणसे म्हणतात, काळजी तर घ्यायलाच पाहिजे! भीती हा शब्द कळतो, पण तिथल्या जिभेवर तो 'भेव' होऊन येतो. आणि गंमत पाहा, हिंदीत डर लागतो, मराठीत भीती वाटते आणि आमच्या कोंकणीत भंय दिसता. एकच धडधड, पण एकाला ती लागते, दुसऱ्याला वाटते आणि तिसऱ्याला चक्क डोळ्यांसमोर दिसते. शेवटी भाचीने आणि मी 'भीती' लिहिले आणि वाचून दाखवताना 'भेव' म्हणायचे ठरवले.

मग ओसरीवर शेजारपाजारचे लोक बोलावले. भाचीने आधीच बजावले होते की ही खरी पाहणी नव्हे. ती पुढे रीतसर परवानगी घेऊन, पुष्कळ लोकांवर होईल. आत्ता फक्त शब्द तपासायचे. माणसाने उत्तर दिले की विचारायचे, या प्रश्नातून तुम्हाला काय समजले, ते तुमच्या शब्दांत सांगा. यातून जे निघाले ते कुठल्याही शब्दकोशात नाही. 'दात कोरणे' म्हटले तर लोकांना जेवणानंतरची काडी आठवली. 'पोखरणे' म्हटले तर किडा आठवला. तिथले लोक सरळ 'मशीन लावणे' म्हणतात, तेच घेतले. 'दात साफ करणे' म्हणजे सकाळचे दंतमंजन, त्यात भ्यायचे ते काय? म्हणून 'डॉक्टरकडून दातांवरचा थर काढून घेणे' असे लिहिले. 'प्रतीक्षाकक्ष' ऐकून तर सगळे गप्पच! तिथे 'नंबर येईपर्यंत बाहेर बसणे' आले. आणि "उद्या डॉक्टरकडे जायचे असेल तर?" या प्रश्नावर एक बाई उठून म्हणाल्या, "उद्या नाई जमत बाप्पा, उद्या वावरात मजूर हाय."

उत्तरांच्या पायऱ्यांचेही तसेच. मुळीच नाही, थोडी, बऱ्यापैकी, खूप, अतिशय. आम्ही पाच चिठ्ठ्यांवर हे शब्द लिहून लोकांना चढत्या क्रमाने मांडायला सांगितले. 'खूप' आणि 'अतिशय' यांची जागा दर दुसऱ्या माणसाकडे बदलत होती, आणि 'बऱ्यापैकी'त 'बरे' दडलेले असल्यामुळे कुणाला ती चांगली गोष्ट वाटत होती. बदलून 'मध्यम', 'जास्त' आणि 'सगळ्यात जास्त' केले, तेव्हा क्रम सरळ लागला. एका शब्दामुळे माणसाचे गुण चाराचे पाच होतात, आणि तेवढ्याने बेरीज १९च्या अलीकडे किंवा पलीकडे जाऊ शकते. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे लगेच पटते. रकान्याचा मथळा चुकला की खाली खरे बोलणारा माणूसही खोटा ठरतो.

पांढुर्ण्याला गेलो तेव्हाचा एक गृहस्थ विसरता येत नाही. पांढुर्ण्याची गोटमार तुम्ही ऐकली असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव ही दोन गावे समोरासमोर उभी राहून एकमेकांवर दगड मारतात. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात. या गृहस्थांच्या कपाळावर त्याची जुनी खूण होती आणि ती ते अभिमानाने दाखवत होते. सुईचा प्रश्न आला तसे हळूच म्हणाले, "गोटा समोरून येते, दिसते. सुई पायली का जीव घाबरा होते." आणि त्यांनी शेवटच्या चौकोनात खूण केली. शौर्य आणि भीती एकाच माणसात शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींना ओळखतही नाहीत!

पण मला खरा विचार करायला लावला तो माझ्या सासूबाईंनी. वर्षानुवर्षे दाढ दुखते, लवंग धरतात, एका बाजूने जेवतात, पण डॉक्टर नको. त्यांची बेरीज मात्र अगदी कमी आली. म्हणाल्या, "भेव कायचं, जवाई? पाच बाळंतपनं घरात झाले, तवा नाई भेली मी." मग का जात नाही? बराच वेळ पदराशी चाळा करून म्हणाल्या, "डाक्टर म्हनन, एवढे दिवस काय केलं? सगळ्यायसमोर बोलन. अन् हिंदीत बोलन."

पाच प्रश्नांत लाजेचा प्रश्न नाही, पैशांचा नाही आणि परक्या भाषेत बोलणी खाण्याचा तर नाहीच. ती प्रश्नावली ज्यासाठी केली ते ती नेटके मोजते, तिला दोष नाही. पण त्या भागात खर्रा चघळणारे घरोघरी आहेत. तोंडातली न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा वेळेवर दाखवला नाही तर कर्करोग हाताबाहेर जातो. माणूस का येत नाही, हे कळणे म्हणूनच जिवाशी निगडित आहे. भाचीने सासूबाईंचे वाक्य वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले. पाच प्रश्नांना हात न लावता, त्यांच्यानंतर वेगळ्या कागदावर "डॉक्टरकडे न जाण्याचे आणखी काही कारण?" असे विचारून रिकामी जागा सोडायची, असे तिने ठरवले.

पुढचे काम तिचे आहे. मूळ इंग्रजी न पाहिलेला कोणी आमचे मराठी पुन्हा इंग्रजीत करील आणि दोन्ही ताडून पाहिले जातील. काही दिवसांच्या अंतराने त्याच लोकांना तेच प्रश्न विचारून उत्तरे टिकतात का ते पाहतील. पाचही प्रश्न एकाच दिशेने बोलतात का, याचेही एक गणित असते. त्यातले मला काही करायचे नाही.

वाचकहो, भाषा टिकवण्यावर आपण संमेलने भरवतो, ठराव करतो. ते होऊ द्या. पण दुखऱ्या दाढेवर हात धरून बसलेल्या म्हातारीला तिच्या भाषेत कोणी "काय होतंय?" असे विचारावे आणि तिचे उत्तर त्याच भाषेत लिहून घ्यावे, हेही भाषेचेच काम आहे. सासूबाईंनी अजून होकार दिलेला नाही. "नात डाक्टर होऊन आली का दाखवीन," एवढे मात्र म्हणाल्या आहेत. नातीने त्यावर, मी तर आत्ताच डॉक्टर आहे, असे सांगून लगेच आरसा आणि बॅटरी आणली, तेव्हा आजींनी तोंड घट्ट मिटून घेतले.