उंबरठ्याआतली शाळा

जून महिना उजाडला की आमच्या पिंपरी-चिंचवडचे रस्ते दोन प्रकारच्या बसगाड्यांनी भरून जातात. एक कारखान्यांच्या, दुसऱ्या शाळांच्या. पहाटे निगडी, भोसरी, मोशी, चिखलीच्या चौकाचौकांत डबा घेतलेले कामगार चाकणच्या बसची वाट पाहत उभे असतात आणि तासा-दीड तासाने त्याच जागी गणवेशातली, अर्धवट झोपेतली लेकरे येऊन उभी राहतात. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढील काही दशकांत कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणच्या कांद्याच्या वावरांपर्यंत जाऊन पोहोचली. कारखान्यांमागून माणसे आली, माणसांमागून शाळा आल्या. येथील आईबापांची पहिली चिंता नोकरीची असते आणि दुसरी मुलांच्या शाळाप्रवेशाची.

अशा नगरीत आपली मुले जाणूनबुजून शाळेत न पाठवणारे एखादे घर असले तर त्याची चर्चा व्हायचीच. चाकण रस्त्यावरील एका गृहसंकुलात असे एक मुसलमान कुटुंब राहते. २०२२ साली त्याची वार्ता मला आमच्या धर्मग्रामातील मंडळींनीच दिली, आणि ती काही कौतुकाच्या सुरात नव्हती. "फादर, आमच्या शेजारचे लोक मुलांना शाळेत घालत नाहीत. घरातच काय काय शिकवतात, देव जाणे!" 'काय काय' या शब्दांवर असा काही जोर दिला गेला होता की पुढचे बोलण्याची गरजच उरली नव्हती. घरांना आशीर्वाद देण्यासाठी त्या इमारतीत गेलो असता मी त्यांचेही दार वाजवले.

दार उघडले ते त्या घरच्या भाभींनी, ओठांवर बोट ठेवूनच. गृहस्थ तिसऱ्या पाळीहून येऊन आतल्या खोलीत झोपले होते. ते म्हाळुंगे येथील एका छोट्या कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतात. भाभी सोलापूर जिल्ह्यातल्या, विज्ञानाच्या पदवीधर. त्या वेळी थोरला मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची आणि धाकटा जेमतेम तीन वर्षांचा होता. स्वयंपाकघरातल्या फरशीवर चटई अंथरलेली, तीवर बालभारतीची पुस्तके, एक पाटी आणि रेहालीवर अरबी अक्षरांचा कायदा. बाप झोपलेला असताना धडे कुजबुजत म्हणायचे, हा त्या शाळेचा पहिला नियम होता.

मुलांना घरी का ठेवले, याचे उत्तर मला एका बैठकीत मिळाले नाही. थोरला दुसरीपर्यंत शाळेत जात होता. बसचा प्रवास चाकणच्या वाहतुकीतून जातायेता तास-तासाचा. घरात दखनी, खाली अंगणात मराठी, शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांच्या खेचाखेचीत मुलगा हळूहळू अबोल होत गेला. त्याच्या नावावरून बसमध्ये काही बोलले जाई, तेही पुष्कळ दिवसांनी घरी कळले. शाळेचे नाव त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मग मार्च २०२० मध्ये शाळांची दारे बंद झाली. प्राथमिकचे वर्ग पुन्हा भरण्यास जवळजवळ पावणेदोन वर्षे लागली. तेवढ्या काळात आईच्या हाताखाली मुलगा वाचू लागला, प्रश्न विचारू लागला, हसू लागला. "शाळा उघडल्या तेव्हा त्याचा चेहरा बघितला, फादर, आणि दप्तर काढायचा धीर झाला नाही," असे भाभी म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरची शाळा सुरू आहे.

तिचे वेळापत्रक घड्याळावर नसून बापाच्या पाळीवर चालते. पहाटेच्या नमाजानंतर कायदा, मग गणित आणि भाषा. पहिली पाळी असली की संध्याकाळी बाप स्वतः शिकवायला बसतो. दशांश अपूर्णांक त्याने व्हर्निअर कॅलिपरवर शिकवले. मुलीने आईच्या भाकरीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहून ठेवली होती, ती तिने मला अभिमानाने दाखवली. मराठी शिकवायला आठवड्यातून दोनदा वरच्या मजल्यावरून एक आजी येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई आमच्या धर्मग्रामातल्याच. मुले त्यांना 'टीचर आजी' म्हणतात. आपल्यातलेच काही जण त्यांना म्हणाले, "आपली मुले सोडून तुम्ही त्यांची कशाला शिकवता?" आजींनी शांतपणे विचारले, "तुमच्यापैकी कोणी माझ्याकडे मूल पाठवले आहे का?"

एकदा भाभी मुलांना चाकणचा संग्रामदुर्ग पाहायला घेऊन गेल्या. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढे हा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. ती गोष्ट ऐकून थोरल्याने विचारले, "अम्मी, शाहिस्तेखान आपला होता का?" हा प्रश्न नऊ-दहा वर्षांच्या मुलाला स्वतःहून सुचत नाही, कोणीतरी तो त्याच्या मनात आधी पेरलेला असतो. आईने उत्तर दिले : "खान दिल्लीच्या बादशहाचा नोकर होता. आपले पणजोबा सोलापूरकडे दुसऱ्याचे शेत करायचे. आणि शिवाजी महाराजांच्या आरमारावर दौलतखान होता, तेही लक्षात ठेव." भाभींनी हे मला सांगितले तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, थकवा होता. शाळेत हाच प्रश्न निघाला असता तर कोणी काय उत्तर दिले असते, हे त्या बोलल्या नाहीत. पण आपल्या शाळांच्या व्यवस्थापकांनी आणि शिक्षकांनी त्याचा विचार अवश्य करावा.

मुसलमान घरात मुले शिकतात म्हटले की आपल्यातील काहींच्या कपाळाला आठी पडते. ती पडण्यापूर्वी एका घरची कथा आठवावी. १८८८ साली मक्केत जन्मलेला एक मुलगा कलकत्त्यात वाढला. वडील मोठे धर्मपंडित. त्यांनी मुलाला कोणत्याही शाळेत घातले नाही, मदरशातही नाही. प्रथम स्वतः शिकवले, मग एकेका विषयासाठी घरी शिक्षक नेमले. इतरांना विशी-पंचविशीपर्यंत पुरणारा अभ्यासक्रम त्याने सोळाव्या वर्षापर्यंत संपवला. त्यानंतर तो इंग्रजी शिकू लागला, ते बायबल वाचून! इंग्रजी, फारसी आणि उर्दू अशी तीन बायबले शेजारी शेजारी ठेवून तो ताडून पाहत असे. हेच मौलाना अबुल कलाम आझाद, स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. १९४२ पासून १९४५ पर्यंत ते आपल्या महाराष्ट्रातच, अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. आपल्याला मिळालेली शिक्षणपद्धती जुनाट होती, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले. परंपरेने हाती आलेल्या समजुतींपासून आपण मोकळे झालो, हे दाखवण्यासाठीच त्यांनी 'आझाद' हे नाव घेतले. घरच्या शिक्षणाने माणूस कोंडला जातोच असे नाही आणि शाळेने तो मोकळा होतोच असेही नाही, एवढे तरी या उदाहरणावरून मान्य करावे लागते.

आपल्या घरातलेही एक उदाहरण आहे. बाळ येशूची संत तेरेजा सुमारे साडेआठ वर्षांची होईपर्यंत घरी आपल्या थोरल्या बहिणींकडे शिकली. १८८१ साली तिला मठातील शाळेत घातले. तिथे तिला पुष्कळ दुःख झाले आणि तेराव्या वर्षी तिला तिथून काढून घेतले गेले. तिच्या आईवडिलांना २०१५ साली ख्रिस्तसभेने संतपद दिले. तेरेजाच्या घराचे आपण कौतुक करतो. तशाच कारणासाठी शेजारच्या मुसलमान आईने मूल घरी ठेवले की मात्र आपल्याला संशय येतो. एकाच गोष्टीला दोन मापे लावणे न्यायाचे नाही.

सेमिनरीत शिकत असताना एका तारखेने माझे लक्ष वेधून घेतले होते : २८ ऑक्टोबर १९६५. त्या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दोन घोषणा प्रसिद्ध झाल्या. एक ख्रिस्ती शिक्षणाविषयीची, दुसरी अन्य धर्मीयांशी असलेल्या आपल्या नात्याविषयीची. पहिलीत मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक आईवडीलच आहेत असे सांगितले आहे. दुसरीत मुसलमान बांधवांकडे आदराने पाहण्यास आणि भूतकाळातील वैरे विसरून परस्परांना समजून घेण्यास सांगितले आहे. आपण बहुधा ही दोन पत्रके वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो. चाकण रस्त्यावरच्या त्या स्वयंपाकघरात मला ती एकाच चटईवर भेटली.

तथापि त्या घराचे कौतुक करताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. भाभींना रविवार नाही, दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी नाही. गावाकडून आलेल्या सासूबाई विचारतात, "दाखला नसलेल्या पोराला नोकरी कोण देणार?" दुपारी शाळेच्या बसचा भोंगा वाजला की मुलगी गॅलरीत धावते आणि उतरणाऱ्या मुली दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहते. मला गणवेश का नाही, असे तिने एकदा आईला विचारले होते. त्या प्रश्नावर त्या घरात अजून उत्तर सापडलेले नाही. आणि ज्या घरात आईबाप दोघेही कारखान्यात राबतात, किंवा ज्यांना स्वतःलाच अक्षरओळख नाही, त्यांना ही वाट मुळी उपलब्धच नाही.

एके दिवशी शाळाबाह्य मुलांची पाहणी करणाऱ्या शिक्षिका दारी आल्या आणि त्यांनी तिन्ही मुलांची नावे लिहून घेतली. मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्याने पालकांचे कर्तव्य ठरवले आहे, मात्र तसे न करणाऱ्या पालकाला दंड ठेवलेला नाही. घरी शिकवण्याबद्दल तो काहीच बोलत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीची परीक्षा देता येते, त्यामुळे पुढचा रस्ता बंद नाही. पण 'शाळाबाह्य' हा शब्द माझ्या मनात घोळत राहिला. मोशीच्या बांधकामावर वाळूच्या ढिगाशेजारी धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली पोरगीही शाळाबाह्य आणि भाकरीची जाडी मोजणारी ही मुलगीही शाळाबाह्य! एकीला कोणीच शिकवत नाही, दुसरीला आई दिवसभर शिकवते. शासनाच्या कागदावर दोघी एकाच रकान्यात बसतात. त्या शिक्षिकेचा यात दोष नाही. कागदाला शाळा दिसते, शिक्षण दिसत नाही.

आपणा पालकांनाही पुष्कळदा शाळाच दिसते, आणि हेच मला मुख्यतः सांगायचे आहे. २०२३ साली त्या घरी धाकट्याच्या 'बिस्मिल्लाह'चे निमंत्रण मला आले. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याच्याकडून पहिले अक्षर वदवून घेण्याची रीत आपल्याकडील अनेक मुसलमान घरांत आहे. नवा झब्बा घातलेला तो पोरगा आईच्या मांडीला टेकून अक्षरे म्हणत होता आणि बाप शेजारी बसून ओठ हलवत होता. मला आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची आठवण झाली. रविवारी मुलांना फाटकात सोडून कित्येक आईबाप बाहेर मोबाइल पाहत तासभर थांबतात. प्रथम कम्युनियनला आलेल्या मुलाला मी विचारतो, "क्रुसाची खूण कोणी शिकवली?" उत्तर येते, "सिस्टरांनी." सिस्टरांचे उपकार मोठे आहेत. परंतु बाप्तिस्म्याच्या विधीत बाळाच्या श्रद्धेचे पहिले शिक्षक म्हणून आपण ज्यांचा उल्लेख करतो ते त्याचे आईवडील असतात, सिस्टर नव्हेत. फी भरली म्हणजे हे कर्तव्य शाळेच्या नावावर चढत नाही.

आपण मुले शाळेतून काढावीत, असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या शाळा हव्यातच आणि त्या अशा हव्यात की वेगळ्या नावाचे मूल तिथे अबोल होणार नाही. माझे मागणे लहान आहे. पाळी कोणतीही असो, दिवसातला अर्धा तास आईने वा बापाने मुलाजवळ बसावे. पुस्तक उघडावे, प्रार्थना म्हणावी, त्याने विचारलेला अवघड प्रश्न टाळू नये. आणि शेजारच्या दाराआडही कोणीतरी असेच बसलेले आहे, याचे भान असू द्यावे.

थोरला आता तेराव्या वर्षात आहे. त्याला येत्या जूनमध्ये शाळेत घालावे की घरूनच दहावीला बसवावे, यावर त्या घरात रोज बोलणे चालते. बापाला शाळा हवी आहे, आईचे मन होत नाही, आणि मुलगा दोघांची तोंडे पाहतो. ते ज्या शाळेचे दार वाजवतील ती कदाचित आपलीच असेल. तिथे त्याच्या शेजारच्या बाकावर आपल्यापैकी कोणाचे तरी मूल बसलेले असेल. त्याला पहिल्या दिवशी काय बोलायचे, हे त्या मुलाला शाळेत नाही, तुमच्या घरीच शिकवलेले असेल.