विनोबांचं वाईतलं दळण आणि आपली चिंतनवही



दरवर्षी आंतरवासितेसाठी छात्राध्यापक आमच्या शाळेत येतात. शेवटच्या दिवशी त्यांच्या चिंतनवह्या माझ्याकडे सहीला येतात. तुमच्यापैकी अनेकांनी अशा वह्या तपासल्या असतील, त्यामुळे पहिलं वाक्य तुम्हालाही पाठ असेल : 'या कालावधीत मला खूप काही शिकायला मिळालं.' काय शिकायला मिळालं, ते मात्र शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. पण मी तरी कोणत्या तोंडानं बोलणार? माझी बी.एड.ची वही मी आधीच्या तुकडीतल्या एकाची वही समोर ठेवून उतरवली होती. शेरा मिळाला होता 'उत्तम'!

शिकता शिकता लोकांत जाऊन काम करायचं आणि मग त्याचा हिशेब लिहायचा, ही पद्धत फक्त शिक्षकांच्या अभ्यासक्रमात नाही. ख्रिस्ती धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही चर्चमध्ये कामाला पाठवतात. तिथं आजाऱ्यांना भेटणं असतं, मुलांना शिकवणं असतं आणि नंतर अनुभव लिहिणंही असतं. आपल्या वाईत शंभर वर्षांपूर्वी धर्मग्रंथ शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्यानं असाच हिशेब लिहिला होता. त्याचं नाव विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा.

१९१६ साली विनोबा गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढच्या वर्षी प्रकृतीसाठी आणि संस्कृतच्या अभ्यासासाठी रजा घेऊन ते वाईला आले. इथं प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे शिकवत. हेच पुढे केवलानंद सरस्वती म्हणून ओळखले गेले. त्यांच्याकडे विनोबांनी उपनिषदं, गीता आणि शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रं अभ्यासली. फेब्रुवारी १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींना एक लांबलचक पत्र लिहिलं. तेव्हा त्यांचं वय होतं २२. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या छात्राध्यापकांएवढंच!

या पत्रात 'खूप शिकायला मिळालं' असं मोघम काही नाही. आहे तो चोख हिशेब. गीता अर्थासह सहा विद्यार्थ्यांना शिकवली. ज्ञानेश्वरीचे सहा अध्याय चौघांना शिकवले. पायी सुमारे ४०० मैल हिंडलो. विद्यार्थी मंडळ स्थापन केलं आणि वाचनालय सुरू केलं.

त्यातली दळणाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. वाचनालयाला पैसे हवे होते. वर्गणीची पावती फाडायची सोडून विनोबा आणि त्यांच्याबरोबरची पंधराएक मुलं जात्यावर बसली. दोन शेरांना एक पैसा अशा दरानं लोकांचं दळण दळून द्यायचं आणि आलेले पैसे वाचनालयाला द्यायचे. त्यात खात्यापित्या घरची मुलंही होती. जरा डोळ्यांसमोर आणा. १९१७ ची वाई, कृष्णाकाठचं कर्मठ गाव. आणि हायस्कुलात जाणारी ब्राह्मणांची पोरं जातं ओढतायत! लोकांनी त्यांना मूर्खात काढलं. विनोबांनी तेही लिहिलंय. हा उद्योग दोनच महिने चालला, हेही लपवलं नाही. पण वाचनालयात ४०० पुस्तकं जमली.

हे पत्र म्हणजे बढाई नव्हे. आश्रमापासून दूर, कुणाची नजर नसताना मी आश्रमाचे नियम पाळले की नाही, याचा जाब विनोबा स्वतःच स्वतःला विचारत होते. म्हणून खाणंपिणं, व्यायाम, जवळच्या वस्तू असा सगळा तपशील त्यात आहे. गांधीजी हे पत्र वाचून भारावून गेले. विनोबांना 'भीम' म्हणाले.

गेल्या वर्षी मी हा प्रसंग छात्राध्यापकांना सांगितला आणि म्हटलं, "वहीत 'खूप' हा शब्द लिहायचा नाही. किती मुलांना काय शिकवलं, काय जमलं नाही आणि कोण हसलं, एवढंच लिहा." वर्गात कुजबुज झाली. एकीनं धीर करून विचारलं, "सर, जमलं नाही असं लिहिलं तर मार्क जातील ना?"

प्रश्न रास्त होता. खरं लिहिणाऱ्याचे मार्क आपणच आजवर कापत आलोय. मी कबूल केलं, "माझ्याकडून जाणार नाहीत."

आठवड्यानं तिच्या वहीत हे वाचलं : 'तीन मुलांना हातच्याची वजाबाकी अजून येत नाही. मी दोन्ही वेळा एकाच पद्धतीनं शिकवली. तिसऱ्या वेळी काड्यांचे गठ्ठे न्यायला हवे होते.' दुसऱ्या दिवशी ती खरंच गठ्ठे घेऊन आली. तिघांतल्या दोघांना वजाबाकी आली. तिसऱ्याला आली नाही. तिनं तेही लिहिलं.

मी त्या पानावर सही केली, पण 'उत्तम' लिहायला हात धजेना. तो शेरा मला कशासाठी मिळाला होता, ते आठवलं. नुसतं 'वाचलं' असं लिहिलं आणि त्या तिसऱ्या मुलाचं नाव माझ्या वहीत टिपून घेतलं.

पालकहो, मूल शिबिराहून घरी आलं, की 'मजा आली का?' असं आपण विचारतो. यंदा त्याऐवजी 'काय केलंस आणि काय जमलं नाही?' असं विचारून बघा. आणि उत्तर काहीही आलं, तरी रागावू नका. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा 'खूप मजा आली' एवढंच ऐकायला मिळेल.